न खाल्लेल्या भाताचं मडकं

काटकसरीच्या घरात काहीच टाकून देत नाहीत, त्यामुळे किस्सेही साठत जातात. आमच्या माळ्यावर रिकाम्या बाटल्या साठल्यात, तसे. एकीला हात लावला की तिच्यामागून सगळ्या घरंगळत येतात. शिकायला मी बरीच वर्षं दिल्लीत होते. तिथं मैत्रिणींना हे किस्से सांगितले की त्या हसायच्या, आणि मी हसता हसता गोंदियाकडच्या गोरेगावजवळ, आमच्या गावी, अंगणातल्या बाजेवर पोचलेली असायचे. यंदा मात्र खरीच परत आले. राहायचं म्हणूनच आले.

घरात आम्ही चौघं. बाबूजी, माय, मी आणि बाबूजींचे धाकटे भाऊ, म्हणजे काका. काकांनी लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणतात, "खर्च वाचला."

*

माय तांदूळ मुठीनं मोजते. सगळ्यांचे मोजून झाले की शेवटची मूठ माझी. दहावीनंतर मी हॉस्टेलला गेले, तरी तिनं ती मूठ मोजायचं सोडलं नाही. फक्त भाताच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, टाकायच्या ऐवजी ती कोपऱ्यातल्या मडक्यात टाकू लागली. किडे होऊ नयेत म्हणून वर कडुनिंबाचा पाला.

सुट्टीत मी आले की मडकं रिकामं करायची, तांदूळ माझ्यासोबत न्यायला पिशवीत बांधायची आणि मडकं धुऊन पालथं घालायची. मी घरात असेपर्यंत ते पालथंच. मी निघायचे, तेव्हा पुन्हा उताणं.

दिल्लीत रूमवर आम्ही चोरून शेगडी लावून तो भात शिजवायचो. रूममेटनं एकदा विचारलं, इतका चांगला तांदूळ कुठून येतो? मी मडक्याची गोष्ट सांगितली. तिचा चमचा हवेतच थांबला.

"म्हणजे हा तू न खाल्लेला भात आहे?"

मी तिच्या ताटात आणखी भात वाढला.

*

संध्याकाळी आमच्याकडे एकच बल्ब लागतो. जिथं बल्ब, तिथं घर. स्वयंपाक होईपर्यंत सगळे चुलीपाशी. जेवणं आटोपली की तो बंद, मग छपरीतला, म्हणजे पुढच्या पडवीतला सुरू, आणि आम्ही बसायची आपापली बसकरं घेऊन त्याच्यामागून छपरीत. लहानपणी मला वाटायचं, अंधार म्हणजे बाकीच्या खोल्यांची झोप आहे. त्यांना उठवू नये म्हणून बाबूजी बटणाला हात लावू देत नाहीत.

मीटरचं रीडिंग घ्यायला एकदा नवीन मुलगा आला. गोंदिया शहरातला, हिंदी बोलणारा. त्यानं आकडा बघितला, मीटरवर टिचकी मारली, पुन्हा बघितला. मग छपरीत येऊन गंभीरपणे विचारलं, "इस घर में कोई रहता है क्या?"

आम्ही चौघं त्याच्या समोर बसलो होतो.

काका म्हणाले, "रहते तो हैं भाई, पर धीरे धीरे."

*

परत आले ती मी दिल्लीहून बांबूचा टूथब्रश घेऊन आणि डोक्यात पुष्कळ भाषण भरून. पहिल्याच दिवशी अंगणात उभी राहून पृथ्वी, प्लॅस्टिक, कचरा सगळं समजावून सांगितलं. ते मला आजही पटतं, आणि अजूनही मी सांगते. पण त्या दिवशी काकांनी ब्रश हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि किंमत विचारली. मी सांगितली.

मग त्यांनी घरामागचं आमचं बांबूचं बेट बुडापासून शेंड्यापर्यंत न्याहाळलं.

"दादा," त्यांनी बाबूजींना हाक मारली, "आपण त करोडपती हाओ!"

*

आता नोकरीचं सांगायला हवं. हैदराबादच्या एका कंपनीनं मला नोकरी देऊ केली होती, हिवाळ्यात रुजू व्हायचं होतं. मी घरी सांगितलं की मला जायचं नाही. गावात आता कोणी लावत नाही तो वासाचा चिन्नोर धान मला पुन्हा लावायचा आहे, त्याचं बी जपायचं आहे, पुढं दारोदार वाटायचं आहे. मी खूप बोलले. बाबूजी बोलण्यातही काटकसर करतात. ते म्हणाले, "शिकवलं ते कायले?" आणि थोड्या वेळानं, "धान निघेवरी राहा. मंग जाय."

म्हणजे एक हंगाम. आणि बांधाकडची एक चिमुकली बांधी, भाताचं खाचर.

बी आणायला काका आणि मी मोटारसायकलनं दरेकसाकडे गेलो. तिथं त्यांच्या ओळखीच्या एका घरी जुनं चिन्नोर होतं. बी मांडीवर घेऊन परत निघालो. घाटाच्या वर आलो आणि इंजिनचा आवाज थांबला. उतारावर इंजिन बंद करायची काकांची जुनी सवय. गाडी आपोआप खाली वाहू लागली. मोहाचा वास, वाळल्या पानांवरून सरकणारा वारा, झाडीपलीकडे कुठंतरी रेल्वेची शिटी. दचकावं असा आमचा आवाजच नव्हता, म्हणून एक मोर रस्त्यातच उभा राहिला, आम्ही त्याला वळसा घालून गेलो. मला वाटलं, हा उतार संपूच नये. आयुष्यभर असंच, काही न जाळता, मांडीवर बी घेऊन जात राहावं.

उतार संपला. गाडी हळूच थांबली. काका तसेच बसून राहिले. मला भरून आलं. म्हटलं, काकांनाही हेच वाटत असणार.

"काका, किती छान केलंत इंजिन बंद करून."

"मी कुठं बंद केलं?" काका म्हणाले. "पेट्रोल त वरच संपलं."

*

माळ्यावरच्या त्या बाटल्या बाबूजींच्या. शरबताच्या, औषधाच्या, मधाच्या. त्यातली एकही ते कोणाला देत नाहीत. फुलचूरची आत्या, त्यांची सख्खी बहीण, एकदा लोणच्यासाठी एक बाटली मागायला आली. चहा पिऊन, गप्पा मारून रिकाम्या हातानं परत गेली.

मला पेरणीपर्यंत बी ठेवायला बाटली हवी होती. दिवसभर मी मनात मुद्दे जुळवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर ओट्यावर एक मोठी बाटली उन्हात वाळत होती. धुतलेली. शेजारी तिचं झाकण.

मी बाबूजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "झाकण हरवू नको."

*

बाबूजी जुनी कॅलेंडरंही ठेवतात. काही वर्षांनी तारखा आणि वार पुन्हा जसेच्या तसे येतात, मग नवीन कशाला घ्यायचं? यंदा त्यांनी असं एक जुळणारं जुनं काढून भिंतीवर लावलं. तारखा बरोबर, वार बरोबर. तिथी मात्र दरवर्षी सरकतात, ते बाबूजींच्या डोक्यातच आलं नाही. मायला शंका होती, पण छापलेलं समोर होतं. आणि मी माझ्या बांधीत, रोपांशी बोलण्यात गुंग.

पोळ्याच्या दिवशी गावभरचे बैल झुली घालून, शिंगं रंगवून तोरणाखाली उभे. वाजंत्री सुरू. तेवढ्यात पलीकडून बाबूजी आले, गाडीत बांबू भरून, बैल जुंपून! पोळ्याला बैल जुंपलेले बघून सगळे थिजले. कोणीतरी ओरडलं, "काऊन गा, आज पोळा हाय न!"

बाबूजी शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं परवा हाय."

जागच्या जागी बैल सोडले, हे खरं. त्यांच्या मानेवरून हात फिरवत घरी आणले. पण सजवले दोन दिवसांनीच, कॅलेंडरातल्या पोळ्याला. संध्याकाळी सगळं गाव आपापल्या कामाला लागलेलं असताना आमची दोनच जनावरं रंगीत शिंगांनी, घुंगरं वाजवत गल्लीतून चालली. वाजंत्री नाही, गर्दी नाही. फक्त घुंगरं. बाया दारात आल्या आणि कोणी न सांगता पुन्हा आरतीची ताटं घेऊन आल्या. स्वप्नात पोळा दिसावा, तसा तो दिसत होता.

घरी आल्यावर काका म्हणाले, "एका सालात दोन पोळे. कॅलेंडर वसूल."

*

धान निघाला. माझ्या चिमुकल्या बांधीतून थोडासाच, पण कापताना हातांना वास लागला. बी भरायला बाबूजींनी माळ्यावरच्या बाटल्या काढून दिल्या, एकामागून एक, आपापल्या झाकणांसकट. उरलेल्याचे मायनं घरीच कांडून तांदूळ केले. पहिल्यांदा तो भात झाला, त्या दिवशी बाबूजींनी दुसऱ्यांदा भात मागितला. मायनं वाढला. तरीही माझं हैदराबादचं तिकीट काढलेलं होतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत बॅग भरत होते. त्यामुळे घरात दोन बल्ब सुरू होते, एक चुलीपाशी आणि एक माझा. बाबूजी दोनदा दारावरून गेले. दिव्याकडे बघितलं आणि बटणाला हात न लावता पुढं गेले. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मायनं हाक मारली म्हणून मी बॅग तशीच उघडी ठेवून चुलीपाशी येऊन बसले. बाबूजी दोर वळत होते. काका शेकत होते. मडकं मायनं दुपारीच धुऊन उताणं ठेवलं होतं. चिन्नोरचे तांदूळ ती मोजू लागली. बाबूजींचे, काकांचे, स्वतःचे. मग शेवटची मूठ भरली आणि तिचा हात मधेच थांबला. एका बाजूला गंज, एका बाजूला मडकं.

तिनं मला विचारलं नाही.

"अजी," ती बाबूजींना म्हणाली, "ही मूठ कुठं टाकू?"

प्रत्येक गोष्टीवर उत्तर असणारे काका चुलीतलं लाकूड सारू लागले. मायची मूठ तशीच. बोटांच्या फटीतून दोन-चार दाणे खाली पडले, ते तिनं दुसऱ्या हातानं वेचले.

बाबूजींनी दोर खाली ठेवला. उठले. मडकं उचललं, कोपऱ्यात नेऊन पालथं घातलं, हात झटकले आणि परत येऊन दोर वळायला घेतला.

मग वर न बघता म्हणाले, "तिकडच्या खोलीत लाइट काऊन जळून राहिला? जा बाई, बंद करून ये."