वेगळी चूल

पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं घर. घराला दार एकच, पण रेशनकार्डं दोन. एक आमचं आणि दुसरं मागच्या खोलीत राहणाऱ्या आत्याचं. ऐन उमेदीत नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमचीच. आधी भावाच्या आणि मग भाच्याच्या जिवावर जगते, असं गाव म्हणायचं. आत्या म्हणायची, ‘‘मी सरकारच्या जिवावर हाय.’’ हे सांगताना तिची मान अशी ताठ व्हायची, की वाटावं सरकारच हिच्या जिवावर चाललंय.

वीसएक वर्षं तिला निराधार पेन्शन मिळत होती. पैसे जमा झाल्याचा मेसेज माझ्या मोबाईलवर यायचा आणि मला तो तिला मोठ्यानं वाचून दाखवावा लागायचा. मग इस्त्रीचं लुगडं नेसून ती बँकेत जायची. येताना माझ्या पोरीला जिलेबी, स्वतःला तपकीर. त्या पैशासाठी तिला कुणापुढं तोंड वेंगाडावं लागत नसे, यातच सगळं आलं. बहिणींच्या योजनेचा बोलबाला झाला तेव्हा तीही तयारीला लागली होती. पासष्टीच्या पुढं सरकारची बहीण राहता येत नाही, असं मी सांगितलं, तर म्हणाली, ‘‘मग र्‍हाऊ दे, मी आपली निराधारच बरी.’’

ही निराधारी टिकवायची म्हणजे घरातल्या सगळ्यांना राबावं लागायचं. म्हैस आत्याची, पण डेअरीला दूध माझ्या नावावर. आत्या जेवायची आमच्यात, पण तिची चूल वेगळी दिसायला हवी. चौकशीच्या दिवशी तिच्या खोलीत चार शेणकुटं पेटवायची. जुना तलाठी रस्त्यावरूनच धूर बघायचा आणि पुढं जायचा. कागद मी भरायचो. ‘सांभाळणारे कोणी नाही’ असं सुवाच्य अक्षरात लिहायचो आणि आत्या खाली अंगठा उठवायची. तिला वाचता येत नव्हतं आणि मी वाचून दाखवत नव्हतो. शाळेत मी मुलांना खरं बोलण्यावर निबंध लिहायला सांगतो.

गेल्या वर्षी तलाठी बदलला. नवा माणूस तरणा होता, त्याला अजून काम करायची हौस होती. तो येणार म्हटल्यावर म्हैस रेडकासकट पलीकडच्या आळीत नेऊन बांधली. आत्याला बजावलं, ‘‘चूल पेटव आणि गप बस.’’ तिनं चूल पेटवली. पण रिकामी चूल जाळणं तिच्या जिवावर आलं. म्हैस नुकतीच व्यालेली, घरात चीक होता. बाईनं गूळ-वेलदोडा घालून चुलीवर खरवस उकडायला ठेवला.

तलाठी थेट आतच आला. खोलीच्या दारात मला विचारलं, ‘‘आपण कोण?’’

‘‘शेजारी,’’ मी म्हणालो. वीस वर्षं लिहिलेलं पहिल्यांदाच तोंडानं बोललो, तेही आत्याच्या देखत.

आत्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग तलाठ्याला म्हणाली, ‘‘बसा पावणं. तोंड गोड केल्याबिगार जायाचं न्हाय.’’ आणि खरवसाची थाळी पुढं ठेवली.

मी डोळे वटारले, खाकरलो. तलाठ्यानं मन लावून खाल्लं. दुसरी वडी उचलत विचारलं, ‘‘आजी, चीक कुणाकडचा?’’

‘‘कुणाकडचा म्हंजे? माज्या म्हशीचा! परवाच व्यालीया.’’

‘‘आणि तुम्हाला सांभाळतं कोण?’’

आत्यानं पदर सारखा केला. ‘‘ह्यो काय, माजा भाचा. ल्हानपनी ह्येला मीच न्हाऊ-माखू घातलंय. शेजारी कुटला आलाय?’’

तलाठी भला होता. थाळी स्वतः मोरीत नेऊन ठेवली, आत्याच्या पाया पडला आणि जे पाहिलं ते लिहिलं. दोन महिन्यांनी पेन्शन थांबली.

मला राग आला होता, लाजही वाटली होती. दोन्ही झाकायला मी पुढच्या महिन्यात पेन्शनच्या तारखेला तेवढ्याच नोटा तिच्यापुढं धरल्या. तिनं हात पुढं केला नाही.

‘‘शेजाऱ्याकडनं पैसं घ्यायची सवं न्हाय मला,’’ म्हणाली.

त्याच संध्याकाळी ती आमच्यात जेवायला आली नाही. बायको बोलवायला गेली, पोरगी गेली, शेवटी मी गेलो. आत्या भाकरी थापत होती. म्हैस तिनं मला न विचारताच विकली होती. शेजाऱ्याच्या नावावर दूध कशाला घालायचं, असं तिनं बायकोला सांगितलं. पोरीला ती अजूनही जवळ घेते, पण जिलेबी आता येत नाही. मला ‘अहो-जाहो’ करते. असा मान मला आख्ख्या गावात कुणी देत नाही, आणि तो मला सोसत नाही.

आता मागच्या खोलीतनं रोज दोन वेळा खराखुरा धूर निघतो. कालच नवा अर्ज आणला आणि तिच्या उंबऱ्यावर बसून तो भरायला घेतला. म्हैस नाही, दूध नाही, चूल वेगळी. ‘सांभाळणारे कोणी नाही’ या ओळीपाशी आलो, तेव्हा आत्या आतून म्हणाली, ‘‘वाचून दावा की, शेजारी.’’

मी वाचून दाखवलं. तिनं ऐकलं आणि अंगठा शाईला लावला.