जळकोटच्या गोठ्यातला तेजाब

जळकोटचा शिवलिंगप्पा पास झाला त्या दिवशी त्यानं जेवणाचं ताट भिरकावून दिलं. हैदराबादच्या एका कॉलेजात आम्ही चौघं सायन्स शिकत होतो, सगळे आमच्याच जिल्ह्यातले. निकाल लागला आणि तो एकटा पास झाला. येरमाळ्याचा मी, ढोकीचा बलभीम आणि नळदुर्गचा खाजामियां, आम्ही तिघं नापास.

कॉलेजात सगळं उर्दूत होतं. आम्ही उर्दू शाळेतच शिकलेलो, पण ही उर्दू निराळी. वेगाच्या वाढीला इसराअ, जडत्वाला जुमूद. खाजामियां म्हणायचा, "ही बोली माझ्या अम्मीला बी कळायची न्हाय." शंका विचारली की प्रोफेसर हसायचे. "गाँव जाओ, हल चलाओ," म्हणायचे.

"तुमी नापास झाला न्हाईत," शिवलिंगप्पा म्हणाला. "तुम्हाला कुणी शिकवलंच न्हाय. पावसाळ्यात फेरपरीक्षा हाय. तंवर माझ्या घरी चला."

सत्तेचाळीस सालचा उन्हाळा होता तो. त्यानं गोठ्यातली जनावरं झाडाखाली बांधली आणि आम्हाला आत बसवलं. त्याची आई रुद्रम्मा आम्हाला कानडीत काहीतरी बोलत भाकरी वाढायची. तो मात्र शिकवायचा ते चिडूनच. उतारावरून रिकामी बैलगाडी सोडून द्यायचा आणि मला तिच्यामागं पळायला लावायचा. मी धापा टाकत आलो की विचारायचा, "गाडी हाताला का लागंना? सांग." मग कळायचं, इसराअ म्हणजे काय. रुद्रम्माच्या डब्यातली हळद घ्यायची, तिच्यात चुना घातला की ती लाल व्हायची, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. लिंबातली ती आंबट ताकद म्हणजेच पुस्तकातला तेजाब, आपलं आम्ल. खरा तेजाब दाखवायला त्यानं सोलापुराहून एक लहान बाटलीही आणली होती.

एकदा बलभीम पुस्तक मिटून उठला आणि म्हणाला, "मला न्हाय जमायचं."

शिवलिंगप्पा ताडकन उठला. "कुणी सांगितलं? त्या हसणाऱ्यानंच ना? त्याचं खरं धरतोस, अन् माझं न्हाय?"

बलभीम पुन्हा खाली बसला.

पलीकडं सोलापूरचा इंग्रजी मुलूख, अलीकडं निजामाचं राज्य, त्यात त्याच्याविरुद्धच्या चळवळीचे दिवस असे की चार पोरं एकत्र बसली तरी संशय यायचा. कुणीतरी ठाण्यात कळवलं. तिथला फौजदार, अमीन, दोन शिपाई घेऊन गोठ्यात शिरला आणि त्यानं बाटली उचलली.

"तेजाब किस वास्ते? बम बनाते?"

"परीक्षेसाठी," शिवलिंगप्पा म्हणाला. "सरकारच्याच पुस्तकात हाय. पान काढून देतो, वाचा."

अमिनानं त्याच्या कानाखाली वाजवली. खाजामियां मध्ये पडला, "साब, मैं भी यहीं पढ़ता हूँ." अमिनानं त्याला ढकलून दिलं आणि ह्यांच्यात बसायला लाज वाटत नाही का, असं विचारलं. खाजामियां जागचा हलला नाही.

शिवलिंगप्पाचे हात बांधले. रुद्रम्मा दारात आडवी उभी राहिली, तर शिपायांनी तिला बाजूला ओढलं.  शिवलिंगप्पा जाता जाता आमच्यावरच ओरडला, "बघत काय उभे? उष्णतेचा धडा राहिलाय. खाजा, तू घे."

खाजामियांला तो धडा स्वतःलाच अर्धा कळलेला होता. आम्हाला शिकवता शिकवता त्याला उरलेला कळला. बलभीमच्या वडलांनी मात्र धाक खाऊन पोराला ढोकीला नेलं. आम्ही दोघं फेरपरीक्षा पास झालो.

दिवाळीच्या सुमारास शिवलिंगप्पा सुटला. गालफडं बसलेली, आणि कॉलेजानं नाव काढून टाकलेलं. आम्ही पास झाल्याचं सांगितलं तर म्हणाला, "अन् बलभीम?" दुसऱ्याच दिवशी तो ढोकीला गेला. बलभीमच्या वडलांना हात जोडले, मग भांडला. बलभीम औत सोडून बांधावर आला, पण शिवलिंगप्पाबरोबर आला नाही. 

पुढच्या वर्षी निजामाचं राज्य गेलं. शिवलिंगप्पानं पुन्हा नाव घातलं. आता उर्दू जाऊन इंग्रजी येत होती, आणि खेड्यातली नवी पोरं पुन्हा तशीच तोंडाकडं बघत बसायची. तो तडक नव्या प्रिन्सिपलांच्या खोलीत गेला.

"कालपर्यंत जुमूद होतं, आता इनर्शिया. जडत्व म्हणायला जिभेला काटा टोचतो का?"

"तुम्हाला शिकायचंय की भांडायचंय?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात बोर्डिंगच्या पडवीत त्याचा वर्ग सुरू झाला. मराठी, कानडी, तेलुगू, ज्याला ज्या भाषेत समजेल त्याला त्या भाषेतला कुणीतरी समजावून सांगायचा. खाजामियां होता, मी होतो. शिवलिंगप्पा दोघांच्या चुका काढत मागं फिरायचा.

पदवी घेऊन तो जळकोटला आला तेव्हा रुद्रम्मानं त्याच्या हातावर साखर ठेवली. "आता तरी हास की रं," ती म्हणाली.

"अव्वा, माझ्याबरोबर बसलेली अर्धी पोरं नापास होऊन घरी गेली," तो म्हणाला, आणि साखर तशीच मुठीत धरून ओट्यावर जाऊन बसला.