बीटचा रंग

टेकडी उतरलं की खाली तंदुरुस्ती विकत मिळायची. फाटकाशी कौशल्याबाई दुधी, कारलं, आवळा आणि बीट यांचे रस घेऊन टेबल मांडायच्या. मूळच्या वाशीमकडच्या, नवरा बापूराव वाघोलीत एका सोसायटीचा वॉचमन, घर येरवड्यात. आम्ही पेन्शनर मंडळी चालायचो कमी आणि त्या टेबलाशी उभं राहून आरोग्यावर बोलायचो जास्त.

बीटचा रस हमखास उरायचा. तो फेकणं बाईंच्या जिवावर यायचं. "यानं रक्त वाढते म्हन्तात," असं म्हणत त्या उरलेला रस स्वतःच पिऊन टाकायच्या. तोच त्यांचा नाश्ता.

एकदा आमच्यातला विश्वजीत त्यांच्यावर चवताळून आला. लघवी लाल झाली म्हणून तो डॉक्टरकडे धावला होता. डॉक्टर म्हणाले, बीटचा रंग आहे, काहींच्या लघवीत उतरतो. दोन दिवस बीट बंद ठेवा, तरी लाल दिसली तर लगेच या. हे त्याने आम्हाला हसत हसत, सविस्तर सांगितलं. बाईंना मात्र एवढंच सुनावलं, "अहो, विकताना सांगायला काय जातं तुमचं? बीटचा रंग असतो तो!" पुढचं, दोन दिवस बीट बंद ठेवायचं, आमच्यातच राहिलं.

तेव्हापासून बाई नव्या गिऱ्हाइकाला ग्लास हातात देतानाच बजावायच्या, "काका, उद्या लाल दिसलं तर घाबरू नोका. रंग हाय तो." त्यांची स्वतःची तर रोजच लाल व्हायची. पुढे कंबर धरू लागली, ब्लाउज ढिले झाले. "बाई, छान बारीक झालात," असं आम्ही म्हणालो. आमच्यात कोणी बारीक झालं की अभिनंदन करायची पद्धत आहे.

दिवाळीनंतर त्या भाचीच्या लग्नाला गावी गेल्या. तिथे कुठला बीटचा रस? तरी लघवी लालच. अंगातला जुना रंग निघतोय, अशी समजूत काढून त्यांनी लग्नघरची कामं उपसली. निघायच्या दिवशी मोरीत रक्ताच्या गुठळ्या पडल्या, तेव्हा त्यांनी बापूरावांना सांगितलं. रंगाच्या गुठळ्या होत नाहीत.

बापूराव एकटे गोंधळतील म्हणून हॉस्पिटलात मी बरोबर गेलो. वाटभर विश्वजीतला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. तपासण्यांत मूत्राशयाचा कॅन्सर निघाला आणि तो बाहेर पसरला होता. आधी आला असतात तर ऑपरेशन करता आलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "मावशी, रक्त कधीपासून जातंय?"

बाईंनी बापूरावांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कोन्त्या दिवसापासून सांगू, मॅडम?" त्या म्हणाल्या. "मले तर रोजच सारखं दिसे."