कथील धरेना

चौथीपर्यंतच शाळा झाली माझी, त्यामुळं चुकलंमाकलं सांभाळून घ्या, पण हे सांगितल्याबिगर मला राहवत नाही.

नंदुरबारला टेशनामागं पत्र्याची एक शेड होती, तिथं रेडिओ जोडायचे. ते खांद्याला अडकवायचे छोटे रेडिओ, तेव्हा नवेच निघाले होते. आधी नुसते पुरुषच असायचे, मग दिवाळीनंतर एक बाक बायकांचा लावला. आम्ही सगळ्या मिरचीच्या पथारीवरच्या. गावाबाहेर मिरची वाळत घालतात ना, लांबच लांब लाल, तिथं बसून दिवसभर देठ खुडायचे. पण माझं पोर अंगावर पिणारं, त्या मिरचीच्या धुळीत त्याला असा खोकला लागायचा की तोंड निळं पडायचं. मी देठ टाकून त्याला उचलून पळायची, पळून जाणार कुठं, चारी बाजूला मिरचीच. डागदर म्हणाला, पथारीपासून लांब ठेवा. घरी कुणी नव्हतं ठेवायला. म्हणून शेडमध्ये काम लागलं तेव्हा मी खांबाला झोळी बांधली, पोर तिच्यात टाकलं आन आठ दिवसांत त्याचा खोकला गेला. गेलाच!

आता काम काय, तर एक तपकिरी पट्टी, तिच्या एका अंगाला तांब्याच्या रेघा आन बारीक भोकं. रेडिओच्या पार्टच्या तारा भोकातून काढायच्या, पट्टी उलटी धरायची, विजेवर तापलेली कांडी टेकवायची आन कथलाची तार लावायची. कथील वितळून तारेला बिलगून बसलं पाहिजे, चकचकीत, उतरत्या टेकडीवाणी. पुरुषांच्या बाकावर कथील असंच बसायचं. आमच्याकडं धरतच नव्हतं! अळूच्या पानावर पाणी कसं गोळा होऊन डुलतं, तशी गोळी व्हायची. वरून बघितलं तर बसलंय असं वाटायचं, मग मिस्तरी बॅटरी लावून पेन्सिलीनं टकटक करायचा, की रेडिओ खर्रर्र करून मुका.

मिस्तरी वाईट नव्हता. त्यानं कांड्यांची टोकं घासून दिली, कथलाची तार बदलली, कथील धरावं म्हणून लावायची राळ बदलली. वीज कमी पडते की काय म्हणून आमच्या कांड्या पुरुषांच्या बाकाकडं लावून बघितल्या. तरी तेच. मग म्हणाला, "कथील थंड व्हवापावत तार हलाले नको. तुमना हात हाली ऱ्हायनात." मी कोपरं बाकाला टेकवून केलं, तरी गोळीच! शनिवारी सुरतेहून शेठ येणार होता, आन मिस्तरीनं साफ सांगितलं, पट्ट्या अशाच राहिल्या तर बायकांचा बाक बंद. बाक बंद म्हणजे पुन्हा पथारी. मला झोळीकडं बघवेना.

गुरुवारी काय झालं, पोर रडलं म्हणून मांडीवर घेतलं, तर त्यानं माझ्या दोन्ही हातांवर मुतून ठेवलं. माझी जेठानी, म्हणजे मोठी जाऊ, शेजारीच बसायची. ती खदखदा हसली. "घे, शेठ येवाना पहिलेच न्हायनी तू!" मी मोरीवर गेले, तिथं चहाच्या चुलीची राख पडली होती, ती घेऊन कोपरापर्यंत खसाखसा हात घासले, पदराला पुसले आन तशीच बाकावर येऊन कांडी धरली.

कथील बसलं.

मी दुसऱ्या तारेला लावलं. बसलं! तिसरीला, चौथीला, कसं पसरत जातंय, कसं चकाकतंय. मला वाटलं मी काही वेगळंच करते आहे का, पण काहीच नाही, तीच कांडी, तीच तार. तेवढ्यात तेलाची बाटली माझ्याकडं आली.

ती बाटली रोजचीच. पथारीवर हातांना तेल चोळल्याबिगर कुणी मिरचीला हात लावत नाही, नाहीतर रात्रीपर्यंत आग आग. ती सवय शेडमध्ये पण आलेली. कामाला बसलो की आन मोरीवरून आलो की बाटली बाकावरून फिरायची, जेठानीच फिरवायची. कुणाला त्यात काही वाटतच नव्हतं, नाकातली चमकी कशी आपल्याला जाणवत नाही, तसं.

"लाय ना वं," जेठानी म्हणाली. "पोऱ्याले धरशी तं झोंबयी."

"जिजी," मी म्हटलं, "हाई मिरची नही शे."

माझा आवाज इतका मोठा निघाला की पुरुषांचा बाक पण वळून बघायला लागला. मिस्तरी आला. मी बाटली त्याच्या पुढं केली. त्यानं बाटली बघितली, पट्टी बघितली, आन म्हणाला, "हातले लाय. तेल लाईसन कर." मी तेल लावून तारा धरल्या, टेकवलं. गोळी. पुन्हा राख, पुन्हा टेकवलं. बसलं! त्यानं पेन्सिल काढली, टकटक, टकटक, रेडिओ गप्प व्हायला तयारच नाही. मला हसावं की रडावं कळेना, मी उभ्याउभ्या पाय आपटायला लागले.

"बाटली फेकी द्या," मिस्तरी ओरडला आन खुशीत स्वतःच्या चोपडलेल्या केसांतून हात फिरवला. जेठानीनं लगेच पकडलं. "आते तू बी जाय मोरीवर, भाऊ. तुन्हा डोकावर तं तेलनी आख्खी घानी शे!" सगळी शेड हसली, तो पण.

दोन दिवस जेठानी राखेची पाटी घेऊन दारातच बसली. हात घासल्याबिगर एकीलाही आत सोडलं नाही. जुन्या पट्ट्या पण आम्ही तारा पुसून, राळ लावून पुन्हा जोडल्या.

शनिवारी शेठ आला. त्यानं मधलीच एक पट्टी उचलली, माझी का कुणाची देव जाणे. बॅटरी लावली. टकटक केलं. मी झोळीची दोरी गच्च धरून उभी. आन रेडिओतून एक बाई ठणठणीत आवाजात बाजारभाव सांगायला लागली, कापूस, शेंगदाणा. शेठनं आणखी जोरात ठोकलं. बाई थांबलीच नाही.

"रहेवा दो आ बाक," शेठ त्याच्या गुजरातीत म्हणाला, राहू द्या हा बाक, आन पुढं गेला.

ठोकण्यानं पोर जागं झालं होतं. मी वाकून बघितलं, ते झोळीची कड चावत होतं. बाई मिरचीच्या भावापर्यंत आली होती, आन माझं पोर नुसतं ऐकत होतं, खोकत नव्हतं.