परसातलं हिरवं पाणी

हिंगणघाटला आमच्या परसात माशांचं लहानसं तळं होतं. हिवताप खात्याचा एक माणूस दर सोमवारी ते तपासायचा. सायकलच्या दांडीला लांब दांड्याचा पळा बांधलेला. चहा विचारला की म्हणायचा, "आधी डासाची अळी पाहू." पळ्यातलं पाणी उन्हात धरायचा आणि फाटकाजवळच्या भिंतीवर गेरूनं लिहायचा: अळी आहे. येणारा-जाणारा ते वाचायचा आणि माझं डोकं फिरायचं.

मी दर रविवारी तळं उपसून शेवाळ घासायचो. शुक्रवारी पाणी पुन्हा हिरवंगार.

"काऊन घासून राह्यले, गुरुजी?" तो एकदा म्हणाला. "नवं पाणी अन् दिवसभर ऊन. शेवाळाले अजून काय पाह्यजे? अन् माशाईले पोळी टाकू नोका. उरलेली शेवाळच खाते. अन् शेवाळात लपलेली अळी माशाईले गावत नाही."

त्यानं स्वतःच कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा तट्टा बांधून अर्ध्या तळ्यावर सावली केली. "आता दोन महिने हात लावू नोका."

माझे हात नुसते शिवशिवत होते.

आणि एका सोमवारी सकाळी तळ दिसला! कधीची हरवलेली पितळी वाटीसुद्धा दिसली. मी बनियनवरच फाटकात जाऊन उभा राहिलो. तो आला. पळा तीनदा बुडवला, तीनदा उन्हात धरला. लिहिलं: अळी नाही. सायकलपर्यंत गेला, परत आला आणि खात्यानं कधीच न मागितलेली एक ओळ खाली लिहिली: तळ दिसते.

दिवाळीला चुना मारताना बायको त्या भिंतीपाशी पोचली. मी तिच्या हातातला कुंचला काढून घेतला.