हजर सर आणि पाळण्यातला वर्ग

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की सोलापुरातले वर्ग आपोआप सुटतात. घंटा होते, फळा पुसलेला असतो, फक्त पोरं नसतात. अशा दिवसांत आमच्या शाळेतले बाकीचे शिक्षक स्टाफरूममध्ये हुरडा खात बसायचे. हजर सर मात्र हजेरीपट कापडी पिशवीत घालून वर्ग शोधायला निघायचे. "वर्ग तिकडं गेलाय म्हटल्यावर मास्तरनं हितं काय भिंतींना शिकवायचं का?" असं म्हणत, आलेल्या दोन-तीन पोरींना सोबत घेऊन ते थेट जत्रेचं होम मैदान गाठायचे. त्या पोरींत मी असायचीच. माझी आई त्याच शाळेत बालवाडीची बाई होती, त्यामुळे दांडी मारायची सोयच नव्हती.

ते आम्हाला पाचवीपासून गणित शिकवत. 'येस सर' म्हटलेलं त्यांना खपत नसे. बेंबीच्या देठापासून 'हजर!' असं ओरडावं लागे. नाव त्यावरूनच पडलं. "हजर असलेला अर्धा पास असतोय बे," असं ते सारखं म्हणायचे. उरलेलं अर्धं पास कसं व्हायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आमच्यातले बरेच जण त्या अर्ध्यावरच राहिले.

सुट्टीच्या तोंडावर येणारे अर्ज ते फार प्रेमाने वाचत. आकाशच्या आजीला दर जानेवारीत देवाज्ञा व्हायची. सर अर्ज वाचायचे, मग मोबाइलवर आकाशचं स्टेटस बघायचे. तिथे आकाश गॉगल लावून जत्रेतल्या पाळण्यात बसलेला असायचा आणि शेजारी साक्षात आजी. सर रागवत नसत. फार झालं तर घरची तेलुगू पुटपुटत, आणि आपल्याला शिवी बसली की आशीर्वाद मिळाला, हे आम्हाला कळत नसे.

दिवाळीच्या आधी त्यांची तऱ्हा वेगळी. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने घरून एक चकली आणायची, तिच्यावर दोरा फिरवून लांबी मोजायची आणि कुणाच्या आईची चकली सरळ केल्यावर सगळ्यात लांब, ते ठरवायचं. त्या आठवड्यात वर्ग गच्च भरे. मोजणी मात्र कधी पूर्ण झाली नाही, कारण दोरा पुढच्या बाकावरून मागे पोचेपर्यंत मागच्या बाकावर नुसता दोराच मोजायला उरे.

पण त्यांची खरी करामत पाळण्याची. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, त्यामुळे पाळणेवाला चाचा आमच्या वर्गाला हौसेने फुकट फिरवायचा. सर खाली उभे राहून खाली येणाऱ्या प्रत्येक पाळण्याला एक प्रश्न विचारत. पहिल्या वर्षी त्यांनी नियम केला: उत्तर चुकलं की आणखी एक फेरी, शिक्षा म्हणून. झालं, अख्खा वर्ग एका दुपारीत मठ्ठ झाला. "सात आठे?" "त्रेपन्न!" "तीन दुणे?" "नऊ!" वर्गात पहिली येणारी सुजातासुद्धा हसत हसत "पाच!" म्हणून वर गेली. चाचा म्हणाला, "मास्टर, ये बच्चे तो घर नै जाते." मग सरांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी नियम उलटा केला: बरोबर उत्तराला फेरी, चुकला की उतर खाली. चार दिवसांत आमचे एकोणिसापर्यंतचे पाढे पाठ झाले.

आठवीत असताना प्रकरण अंगाशी आलं. आमच्या तुकडीचा पट कमी होता. तपासणीत पोरं भरली नाहीत तर तुकडी बंद होणार होती आणि सर अतिरिक्त ठरून दूर कुठेतरी जाणार होते. तपासणीचे साहेब आले ते नेमके गड्ड्याच्या दिवसात. वर्गात चिटपाखरू नाही, आणि फळ्यावर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'वर्ग होम मैदानावर भरला आहे.' साहेब गाडी काढून तसेच मैदानावर आले.

"हा काय तमाशा आहे? मी मोजू कुणाला?"

"पोरं मोजा की साहेब. वर जायल्यात, खाली यायल्यात, सगळी हजर हायत."

साहेबांनी खालून मोजायला घेतलं. पाळणा फिरताच होता, त्यामुळे आकडा दीडशेच्या पुढे गेला. नीट मोजायचं तर वर बसायला हवं, असं चाचाने सुचवलं आणि साहेब बसले. पहिल्या फेरीतच त्यांनी डोळे मिटून दांडा धरला. खाली येताच आकाश शेजारच्या पाळण्यातून ओरडला, "साहेब, एकोणीस सत्ते?" साहेब हुशार माणूस. डोळे न उघडता म्हणाले, "एकशे तेहेतीस!"

"बरोबर!" चाचा म्हणाला आणि त्यांना परत वर पाठवलं.

असं तीनदा झालं. चौथ्या वेळी सुजाताला दया आली, तिने नियम सांगितला. मग 'दोन दुणे'ला साहेब जिवाच्या आकांताने ओरडले, "मला येत नाही! मला काहीच येत नाही!" उतरल्यावर त्यांनी शहाळं मागवलं, एकेका पोराच्या डोक्यावर हात ठेवून पट मोजला आणि सही केली. जाताना सरांना म्हणाले, "पोरांना पाढे येतात हो तुमच्या." सरांना इतकं खूश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

ती सही तेवढ्या वर्षापुरतीच पुरली. पुढच्या जूनमध्ये नवी पोरं आलीच नाहीत. आमची तुकडी 'अ'मध्ये मिसळायची ठरली आणि सरांची ऑर्डर करमाळा तालुक्यातली निघाली. ते निघाले त्या दिवशी आम्ही सगळे दप्तरांसकट एसटी स्टँडवर. आम्हाला बघून सर ट्रंक घेऊन गाडीतून खाली उतरले.

"शाळा किती वाजता असतीय बे?"

"बाराला."

"मग हितं काय करायलाव?"

त्यांनी आम्हाला चालवत शाळेत आणलं आणि चक्क दोन तास भूमिती शिकवली. साडेबाराची गाडी गेली. सुटताना बोट नाचवून म्हणाले, "उद्या स्टँडवर एक जण जरी दिसला तर मी जाणारच न्हाई. सांगून ठेवतोय."

आम्ही तर उड्याच मारल्या. सगळ्यांनी स्टँडवर जायचं, सर राहणार! घरी आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अगं, नाही गेले तर त्यांची नोकरी जाईल." मी रडले, आणि रडतच एकेकाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी बाराच्या घंटेला आमच्या तुकडीत एकही बाक रिकामा नव्हता. साडेबारा झाले, गाडी सुटली असेल, तरी कुणी जागचं हललं नाही. आम्ही सगळे हजर होतो, आणि हजेरी घ्यायला कुणी नव्हतं.