विमानाच्या वाटेतली टाकी

मंत्र्यांचं विमान मी बायकोच्या साडीनं हाकलून लावलं होतं, असं आमच्या घरात अजून सांगतात. हे पूर्ण खरं नाही. साडीबरोबर बांबूही होता.

गोष्ट ऐंशीनंतरच्या वर्षांतली. चंद्रपूरजवळच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो. गावाला नळयोजना मंजूर झाली आणि ओव्हरसिअर साहेब नकाशा घेऊन आले. ग्रामपंचायतीसमोर उंच खांबांवर पाण्याची टाकी उभी राहणार होती. नकाशा सगळ्यांनी आळीपाळीनं पाहिला, काहींनी उलटाही पाहिला, पण टाकी नेमकी केवढी होणार हे कोणाच्या डोळ्यांपुढे येईना. तेव्हा मी पुढे झालो. मास्तर माणसाला ‘थांबा, मी समजावून सांगतो’ म्हणायचा आजारच असतो.

आमच्याकडे कशाचाही तुटवडा पडेल, बांबूचा पडत नाही. लग्नाचा मांडव बांबूचा, घराचा कूड बांबूचा, माणूस जातो तोही बांबूवरून. मग टाकीच का नको? लांब लांब बांबू एकमेकांना जोडून बांधले, टाकीच्या उंचीइतकी काठी केली, पंचायतीसमोर उभी करून चारी बाजूंनी दोर ताणले. दुरून दिसावं म्हणून वाळत घातलेली बायकोची लाल साडी शेंड्याला बांधली. तिला विचारायचं राहून गेलं.

ती उंची आमच्या जिवाभावाची होती. आम्ही वरच्या आळीत राहायचो. वरची म्हणजे जमिनीच्या चढानं वरची. बाकी कोणत्या हिशेबानं गावानं आम्हाला वरचं धरलेलं नव्हतं. टेकडीच्या उतारावर आम्हा बौद्धांची घरं, त्यांना लागून धीवरांची चार घरं, आणि विहीर थेट खाली. रिकामी घागर घेऊन उतरायचं आणि भरलेली घेऊन चढायचं. बायको म्हणायची, “ज्यानं हे गाव वसवलं ना, त्याच्या डोक्शावर कधी घागर नसंल.” टाकी एवढी उंच झाली तरच पाणी तुमच्या आळीपर्यंत चढेल, असं ओव्हरसिअरांनी बजावलं होतं. त्यामुळे काठी उभी राहिली तेव्हा आमच्या आळीतल्या बाया त्या साडीकडे असं बघत होत्या, जणू तिच्यातूनच आता पाणी गळणार आहे.

गावाच्या पलीकडे, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, संपतात तिथे, एक लहानशी धावपट्टी होती. वर्षातून एक-दोनदा कोणी मोठे लोक यायचे. एरवी तिथे गुरं चरायची. त्या दिवशी मंत्री येणार हे मला ठाऊक होतं. पण मंत्री रस्त्यानं येतात अशी माझी समजूत. आमचा रस्ता त्यांनी एकदा पाहायला हवा, ही इच्छाही त्या समजुतीत मिसळलेली होती.

पांढरं विमान खाली येता येता एकाएकी नाक वर करून निघून गेलं. पुन्हा वळून आलं, पुन्हा वर गेलं. लोक टाळ्या वाजवू लागले. सरपंच मला म्हणाले, “पाहा गा मास्तर, मंत्री आपली टाकी पाहून राह्यले!” मी नम्रपणे मान हलवली.

मग जीप आली. धावपट्टीवरच्या बंदोबस्ताचे पोलीस जमादार खाली उतरले आणि गरजले, “हा बांबू कोनाचा?”

गावाची एकी मी त्या दिवशी पाहिली. सगळी बोटं एकाच वेळी माझ्याकडे वळली.

“का हो मास्तर, विमानाले लाल झेंडी दाखवता? रेल्वे वाटली काय?”

“झेंडी नाई जी साहेब, साडी हाय,” मी म्हणालो. त्यानं काही फरक पडला नाही.

काठी उतरवली, विमान उतरलं. मंत्री कार्यक्रमाला उशिरा पोचले, पण ते उशिराच येतात म्हणून कोणाला काही वाटलं नाही. संध्याकाळी साडीची घडी घालता घालता बायकोनं एवढंच विचारलं, “तुमची लुंगी काऊन नाई बांधली?”

दुसऱ्या दिवशी धावपट्टीचे साहेब ओव्हरसिअरांना घेऊन गावात आले. सरपंचांनी बैठक आमच्याच अंगणात ठेवली. बांबू माझा, म्हणून चहाही माझा. साहेब वयस्क, शांत गृहस्थ होते. रागावले नाहीत. आमच्या गोठ्याकडे बोट करून म्हणाले, “ते छप्पर पाहा. वळचणीला वाकून शिरावं लागतं, आढ्याखाली ताठ उभं राहता येतं. विमान घारीसारखं झडप घालत नाही. दुरून उतार धरून घसरत येतं. म्हणून धावपट्टीच्या टोकाशी आभाळात असंच एक छप्पर आहे असं समजा. टोकाजवळ वळचण, आणि जितकं दूर जाल तितकं ते उंच. त्या छपराला काही टेकता कामा नये. झाड नाही, खांब नाही, टाकीही नाही. तुमची टाकी वळचणीतच येते.”

आज माझा भाचा नागपुरात फ्लॅट घेऊन बसलाय आणि विमानतळामुळे त्यांच्या इमारतीचे वरचे मजले कसे अडले ते तावातावानं सांगतो. मी त्याला म्हणतो, बाबा, ते छप्पर आम्ही गोठ्यावरून शिकलो. तो हसतो. त्याच्या नळाला पाणी येतं, म्हणून हसू येतं.

त्या दिवशी आमच्या अंगणात मात्र कोणी हसत नव्हतं. सरपंच मांडीवर थाप मारून म्हणाले, “मंग त्यात काय हाय? टाकी थोडी छाटून टाका. बुटकी तं बुटकी.”

ओव्हरसिअर म्हणाले, “छाटली तर वरच्या आळीला पाणी चढणार नाही.”

“त्यायले विहीर हाय ना,” सरपंच सहज म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. खाली राहत होता, एवढंच.

कुंपणापाशी आळीतल्या बाया उभ्या होत्या. धीवरांची म्हातारी तिथूनच ओरडली, “विमान वरसातून दोनदा येते गा, पानी तं रोज लागते! विमानालेच थोडं बुटकं करा!” आता मात्र साहेबही हसले.

बायको चहाचे कप घेऊन आली होती. ताटली हातात तशीच धरून तिनं विचारलं, “साहेब, छपराची लांबी सांगितली तुमी. रुंदी किती हाय त्याची? बाजूले सरकलं तं?”

साहेबांनी उचललेला कप खाली ठेवला. “धावपट्टीच्या सरळ रेषेत सगळ्यात जास्त अडचण. रेषेपासून बरंच बाजूला गेलात तर वर खूप मोकळीक मिळते.”

बायकोनं हनुवटीनं आमच्या घरामागची टेकडी दाखवली. “मंग इथी?”

सगळ्यांनी टेकडीकडे असं पाहिलं, जणू ती काल रात्रीच कोणी आणून ठेवली. मी घाईघाईनं म्हणालो, “म्हणजे टेकडीवर छोटीशी टाकी. टेकडी तर काय, देवाघरची. ती उंचीत धरायची नाही.”

“तसं नसतं मास्तर,” साहेब म्हणाले. “उंची धावपट्टीच्या पातळीपासून मोजतात. टेकडी आणि टाकी, दोन्ही मिळून. विमानाला पोटाखाली काय आलं ते देवाचं की पंचायतीचं, याच्याशी देणंघेणं नाही.” मी चहा प्यायलो.

मोजणीला ते दुर्बिणीचं यंत्र घेऊन आले. खुणांची पट्टी उभी धरायचं काम मला दिलं. ती मी उलटी धरली. “विज्ञान हेच शिकवतात ना?” साहेबांनी ओव्हरसिअरांना हळूच विचारलं, ते मला ऐकू आलं. पण आकडे जमले. टेकडी रेषेपासून पुरेशी बाजूला होती, आणि निम्मे पाय टेकडीनंच दिल्यामुळे टाकीला स्वतःचे पाय थोडकेच लागणार होते. आमच्या आळीत तेवढ्यानंच सण झाला.

मग अडले सरपंच. टाकी पंचायतीपुढेच पाहिजे. गावाची शान आहे. टेकडीवर, तुमच्या आळीमागे, ती पाहणार कोण? माजरीच्या कोळसा खाणीत त्यांचा भाऊ कामाला होता, तो सुट्टीत आला की त्याला टाकी दारातून दाखवायची असा त्यांचा बेत होता. मी पाण्याचा दाब, गुरुत्वाकर्षण वगैरे फळ्यावर लिहून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बराबर हाय मास्तर. पन टाकी पंचायतीपुढंच.”

बायकोनं गुरुत्वाकर्षण सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी ती त्यांना म्हणाली, “भाऊ, एक डाव टेकडीवर बांबू तं उभा करून पाहा. पंचायतीपुढची टाकी गावाले दिसंल. टेकडीवरची मुलखाले दिसंल.”

साहेबांना विचारून, विमान नसलेला दिवस गाठून आम्ही टेकडीवर आखूड काठी उभी केली. कापड या वेळी माझ्या लुंगीचं होतं. ती किती दुरून दिसते ते पाहायला सरपंच एसटीत बसून चंद्रपूरच्या दिशेनं गेले. आम्ही टेकडीवर वाट पाहत बसलो. बायांपैकी एकीनं पळसाचं पान दोन्ही हातांनी फाडून फाडून त्याच्या दोऱ्या केल्या. आमच्या आळीचं पाणी आता एसटीच्या खिडकीत बसलेल्या एका माणसाच्या नजरेवर होतं.

परतीची बस फाट्यावर थांबली आणि सरपंच अक्षरशः धावत चढ चढून आले. दम लागलेला, धोतराचा सोगा हातात. “नाल्याच्या पुलापासून दिसते, मास्तर! बसमधले लोकं इचारून राह्यले, ते काय होय? म्या म्हनलं, आमची टाकी! कंडक्टर बी खाली वाकून पाहे!”

“टाकी अजून बांधायची आहे,” मी म्हणालो.

“बांधू ना गा! इथीच बांधू!” म्हणत त्यांनी मला मिठीच मारली. धीवरांच्या म्हातारीनं दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की खालच्या आळीतली माणसं काय झालं म्हणून बाहेर आली.

टाकी झाली. सगळे पाणी सोडायची वाट पाहत होते. त्या सकाळी अंगणातला नळ आधी नुसताच फुरफुरला, खोकला, गढूळ थुंकला, आणि मग पांढरी स्वच्छ धार लागली. अख्ख्या आळीत बाया एकमेकींना ओरडून सांगत होत्या, “आलं व माय! तुह्याकडं आलं का?” धीवरांची म्हातारी नळाखाली डोकं धरून बसली ती उठेचना.

मी अंगणातल्या खाटेवर आडवा होऊन, शेजारच्या दोघांना ही सगळी किमया मुळात माझ्या बांबूमुळे कशी झाली ते समजावून सांगत होतो. बादल्या भरत होत्या, उतू जात होत्या.

बायको कमरेवर हात ठेवून खाटेपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “अवो, पानी येवढी टेकडी चढून तुमच्या दारात आलं. तुमी खाटेवरून तं उतरा.”